आय-७ की आय-५? एका रिफर्बिश्ड लॅपटॉपच्या निवडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील व्यक्ती व्यवसायाने अनुवादक आहेत. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव, गाव आणि ज्यांच्याशी व्यवहार झाला त्या विक्रेत्यांचे तपशील वगळले असून, पुढे त्यांचा उल्लेख केवळ ‘अनुवादिका’ असा केला आहे. २०२४ च्या मध्यावर त्यांनी मला लॅपटॉपच्या खरेदीबाबत सल्ला विचारला. त्यांचा जुना लॅपटॉप २०१५ मधला, म्हणजे इंटेलच्या ५व्या पिढीतील दोन कोअरच्या (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांच्या) प्रोसेसरचा होता. त्यात ८ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क होती. त्याची बिजागरी तुटली होती आणि पडदा मागे पुस्तकांचा आधार दिल्याशिवाय उभा राहत नव्हता.

त्यांच्या कामाचे स्वरूप नेमके समजून घेणे आवश्यक होते. कायदेशीर आणि प्रशासकीय दस्तऐवजांचा अनुवाद हे त्यांचे मुख्य काम होते. त्यासाठी त्या अनुवाद-स्मृती (आधी केलेल्या अनुवादांचा साठा) आणि परिभाषा-कोश सांभाळणारे एक सॉफ्टवेअर वापरत, आणि ते फक्त विंडोजवर चालते. सोबत ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब कायम उघडे असत, स्कॅन केलेल्या पानांतून मजकूर ओळखण्याचे काम आठवड्यातून दोन-तीन वेळा निघे आणि अधूनमधून व्हिडिओ कॉल होत. खेळ, चित्रफितींचे संपादन किंवा त्रिमितीय आरेखन यांच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.

त्यांच्या अंदाजपत्रकात नवा लॅपटॉप बसत होता, पण तो सर्वांत खालच्या वर्गातला: कमी रॅम, फिकट पडदा आणि वर्षभरात कुरकुरू लागेल अशी प्लास्टिकची बांधणी. त्याच पैशांत रिफर्बिश्ड बाजारात कार्यालयीन वापरासाठी बनवलेली भक्कम यंत्रे मिळत होती. मोठ्या कंपन्या अशी यंत्रे बहुधा भाडेकराराने घेतात, तीन-चार वर्षांनी परत करतात आणि मग ती तपासून, साफ करून पुन्हा विकली जातात. त्यामुळे रिफर्बिश्ड घ्यायचे, इथवर आमच्यात मतभेद नव्हता. मतभेद प्रोसेसरवरून सुरू झाला.

अडचण

माझ्याकडे येण्यापूर्वीच अनुवादिकांनी एक लॅपटॉप मनाशी पक्का केला होता. त्यात आय-७ ७६००-यू हा ७व्या पिढीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) होती, आणि यादीतल्या सर्व यंत्रांत त्याची किंमत सर्वांत कमी होती. मी मात्र ८व्या पिढीच्या आय-५ पासून पुढे पाहावे असे सुचवले. त्यावर त्यांनी विचारले, “पैसे कमी लागत आहेत आणि प्रोसेसर वरचा मिळतो आहे, तर मी जास्त पैसे देऊन खालचा का घ्यावा? तुम्हीच सांगा.”

हा प्रश्न रास्त होता. लॅपटॉपवरच्या चिकटपट्टीवर ‘आय-७’ हीच अक्षरे ठळक असतात आणि विक्रेत्यांच्या जाहिरातींतही बहुधा तेवढेच लिहिलेले असते. पण आय-३, आय-५ आणि आय-७ ही उतरंड एकाच पिढीच्या आणि एकाच प्रकारच्या प्रोसेसरांपुरती खरी असते. खरी माहिती त्यापुढच्या आकड्यांत आणि अक्षरांत दडलेली असते. ७६००-यू मधला पहिला ७ म्हणजे ७वी पिढी, तर शेवटचे ‘यू’ म्हणजे कमी वीज वापरणारा, साधारण १५ वॉटच्या मर्यादेत काम करणारा प्रकार. १०व्या पिढीपासून पहिले दोन आकडे पिढी सांगतात.

आता या प्रकारात ७व्या आणि ८व्या पिढीच्या मध्ये एक मोठी फट आहे. २०१७ पर्यंत १५ वॉटच्या वर्गातील आय-७ मध्येही दोनच कोअर असत. ऑगस्ट २०१७ मध्ये इंटेलने ८व्या पिढीचे ‘यू’ प्रोसेसर आणले तेव्हा आय-५ आणि आय-७ या दोन्हींत कोअरची संख्या एकदम चारवर गेली. म्हणजे ७व्या पिढीच्या आय-७ ७६००-यू मध्ये दोन कोअर आणि चार थ्रेड (एका वेळी चालवता येणारे कामाचे धागे) आहेत, तर ८व्या पिढीच्या आय-५ ८३६५-यू मध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड. नाव खालचे असूनही काम करणारे हात दुप्पट आहेत.

विक्रेत्याने याला एक उत्तर दिले होते. त्याच्या तक्त्यात ७६००-यू समोर २.८ गिगाहर्ट्‌झ आणि ८३६५-यू समोर १.६ गिगाहर्ट्‌झ असे लिहिले होते, आणि त्यावरून पहिला जवळजवळ दुप्पट वेगवान असल्याचे त्याने सांगितले होते. आकडे खरे होते, निष्कर्ष चुकीचा होता. हा मूळ वेग म्हणजे सर्व कोअरवर सतत भार असताना ठरलेल्या विजेच्या मर्यादेत प्रोसेसरने टिकवायचा किमान वेग. त्याच १५ वॉटमध्ये दोनऐवजी चार कोअर चालवायचे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी वीज येते आणि हा आकडा खाली येतो. थोड्या वेळासाठी वाढणारा कमाल वेग पाहिला तर ७६००-यू ३.९ पर्यंत जातो आणि ८३६५-यू ४.१ पर्यंत. कागदपत्र उघडणे किंवा टॅब बदलणे अशी क्षणिक कामे त्या कमाल वेगाने होतात. मूळ वेगाची तुलना वेगवेगळ्या कोअर-संख्येच्या प्रोसेसरांमध्ये करणे ही रिफर्बिश्ड बाजारातली सर्वांत जास्त वेळा आढळणारी दिशाभूल आहे, असे माझे मत आहे. बहुतेक वेळा ती हेतुपुरस्सर नसते, कारण विकणाऱ्यालाही तो आकडा तसाच वाटत असतो.

समोर असलेले पर्याय

दोन आठवड्यांच्या शोधानंतर चार यंत्रे उरली. पहिल्याची किंमत १०० धरल्यास इतरांची किंमत त्या प्रमाणात दिली आहे.

अ : आय-७ ७६००-यू, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. किंमत १००.

ब : आय-५ ८३६५-यू (२०१९), १६ जीबी रॅमची एकच पट्टी आणि रॅमसाठी आणखी एक मोकळा खाचा, २५६ जीबी एसएसडी. किंमत १२५.

क : आय-५ ११४५-जी७ (११वी पिढी, २०२१), ८ जीबी रॅम मदरबोर्डवर (यंत्राच्या मुख्य पटलावर) सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली, २५६ जीबी एसएसडी, वजनाने सर्वांत हलके. किंमत १८०.

ड : एएमडी या इंटेलच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा रायझन ५ प्रो ४६५०-यू (२०२०), सहा कोअर आणि बारा थ्रेड, ८ जीबी रॅम सोल्डर केलेली व ८ जीबी खाच्यात, ५१२ जीबी एसएसडी. किंमत १७५.

ड च्या ऐवजी आधी एक ‘रायझन ५, ५००० मालिका’ असे लिहिलेले यंत्र यादीत होते. पूर्ण क्रमांक मागवल्यावर तो ५५००-यू निघाला. एएमडीच्या नावांत इथे सावध राहावे लागते: ५६००-यू हा झेन ३ या नव्या रचनेचा आहे, तर ५५००-यू आधीच्या झेन २ रचनेचा, म्हणजे रचनेच्या दृष्टीने ४००० मालिकेचाच भाऊबंद. तो वाईट नाही, पण ५००० हा आकडा पाहून जास्त पैसे द्यावेत असेही त्यात काही नाही. म्हणून तो वगळला.

पहिला निर्णय : ७वी पिढी सोडणे

कोअरच्या संख्येवरूनच अ बाद झाला असता असे नाही. अनुवादाचे दैनंदिन काम दोन कोअरवरही होते. अनुवादिका ते नऊ वर्षे करत होत्याच. अ बाद झाला तो कार्यप्रणालीला मिळणाऱ्या आधाराच्या, म्हणजे अद्यतनांच्या, मुदतीवर.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवण्याचे आधीच जाहीर केले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची प्रणाली चालू देणारी सोय) लागते, आणि इंटेलच्या बाबतीत काही मोजके अपवाद सोडता ८व्या पिढीपासूनचेच प्रोसेसर अधिकृत यादीत आहेत. ७६००-यू त्यात नाही. म्हणजे त्या दिवशी घेतलेल्या लॅपटॉपला सुमारे सव्वा वर्षाचा निर्धास्त काळ उरला होता.

तीन पळवाटा आम्ही तपासल्या. विंडोज ११ ची तपासणी चुकवून ती अशा यंत्रावर बसवता येते, पण तिथे पुढची अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली हा खरोखर चांगला पर्याय होता आणि दुसऱ्या कोणासाठी मी तोच सुचवला असता, कारण ७व्या पिढीचे यंत्र लिनक्सवर अजून अनेक वर्षे सुखाने चालू शकते. पण अनुवादिकांचे सॉफ्टवेअर तिथे चालत नाही. विंडोज १० तशीच वापरत राहणे ही तिसरी वाट. ती त्यांच्या करारांमुळे बंद झाली. गोपनीय दस्तऐवज देणाऱ्या दोन ग्राहकांच्या करारात सुरक्षा-अद्यतने मिळत असलेली कार्यप्रणाली वापरण्याची अट होती. अनुवादिकांनी ती अट सही करताना वाचली होती, पण लॅपटॉपच्या खरेदीशी तिचा संबंध त्यांच्या लक्षात आला नव्हता. माझ्याही आला नव्हता. करार पुन्हा काढून वाचण्याचा आग्रह त्यांनीच धरला, आणि ज्या क्षणी ते कलम समोर आले त्या क्षणी आय-७ चा विषय संपला.

दुसरा निर्णय : ११वी पिढी सोडणे

इथे चूक होण्याच्या मार्गावर मी होतो. माझा कल क कडे होता. ११व्या पिढीत एका कोअरचा वेग ८व्या पिढीपेक्षा स्पष्टपणे जास्त आहे, आयरिस एक्सई ग्राफिक्स आहे, आणि एव्ही१ प्रकारची चित्रफीत उलगडण्याची सोय थेट हार्डवेअरमध्ये आहे, जी ८व्या पिढीत नाही. वजनही कमी. प्रोसेसर नवा तितके यंत्राचे आयुष्य जास्त, असा साधा हिशेब माझ्या डोक्यात होता.

अनुवादिकांनी विचारले की ८ जीबी पुरेल का. मी उत्तर देण्याऐवजी मोजायला सांगितले. त्यांनी कामाच्या तीन दिवसांत, दर दोन तासांनी, जुन्या लॅपटॉपच्या टास्क मॅनेजरमधील मेमरीचे आकडे वहीत टिपले. ८ जीबी रॅम जवळपास भरलेली होती हे अपेक्षितच होते. महत्त्वाचा होता तो ‘कमिटेड’ या नावाखाली दिसणारा आकडा, म्हणजे चालू प्रोग्रॅमनी राखून ठेवलेली एकूण मेमरी. ती दुपारपर्यंत १२ ते १३ जीबीपर्यंत जात होती. रॅममध्ये न मावणारा भाग डिस्कवर ढकलला जात होता, आणि त्यांना ज्याचा त्रास होत होता तो संथपणा मुख्यतः तिथून येत होता. प्रोसेसर त्या नोंदींच्या वेळी बहुतेक अर्धासुद्धा व्यापलेला नव्हता.

क मधील ८ जीबी रॅम सोल्डर केलेली होती आणि वाढवण्यासाठी खाचा नव्हता. एसएसडी फिरत्या डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान असल्याने त्रास कमी झाला असता, पण यंत्र पहिल्या दिवसापासून काठोकाठ भरलेले राहिले असते. हेच यंत्र १६ जीबी रॅमसह मिळाले असते तर मी तेच घ्यायला सांगितले असते. त्या काळात ते मिळाले नाही.

या टप्प्यावर आमच्या विचाराची दिशा बदलली. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बदलता येत नाही, कारण अशा यंत्रांत तो मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो. म्हणूनच त्याच्याकडे इतके लक्ष देणे योग्य आहे. पण सोल्डर केलेली रॅमही तितकीच न बदलता येणारी आहे. एसएसडी, बॅटरी, पंखा आणि बहुतेक यंत्रांत कळफलक बदलता येतो. म्हणून आम्ही चारही यंत्रांची तुलना नव्याने मांडली: जे कधीच बदलता येणार नाही ते एका रकान्यात, जे खर्च करून बदलता येईल ते दुसऱ्या रकान्यात. पहिल्या रकान्यातील कुठलीही गोष्ट गरजेपेक्षा कमी असेल तर ते यंत्र बाद, मग ते कितीही नवे असो. अ प्रोसेसरवर बाद झाला आणि क रॅमवर.

तिसरा निर्णय : ब की ड

उरलेल्या दोघांपैकी ड सरस होता हे निर्विवाद. सहा कोअर, ७ नॅनोमीटरची निर्मिती, मोठी एसएसडी, एक वर्ष कमी वय. प्रश्न होता तो किंमतीतील फरकाचा. १२५ आणि १७५ यांतील ५० एककांत ब ला नवी बॅटरी आणि मोठी एसएसडी बसवूनही काही रक्कम उरत होती.

सुरक्षेच्या दृष्टीने ड नवा म्हणून निर्धोक, असेही म्हणता येत नव्हते. जुलै २०२३ मध्ये समोर आलेली झेनब्लीड ही त्रुटी झेन २ रचनेच्या सर्व प्रोसेसरांत आहे, म्हणजे ४६५०-यू मध्येही. पुढच्याच महिन्यात जाहीर झालेली डाउनफॉल ही त्रुटी इंटेलच्या ६व्या ते ११व्या पिढीपर्यंत पसरलेली आहे, म्हणजे ब मध्ये आहे आणि नव्या म्हणवल्या जाणाऱ्या क मध्येही होती. अशा त्रुटींवरचा उपाय बायोस (यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) किंवा कार्यप्रणालीच्या अद्यतनांतून येतो. त्यामुळे लॅपटॉपचा उत्पादक त्या मॉडेलसाठी बायोसची अद्यतने अजून देतो का, हे पाहणे पिढी पाहण्याइतकेच गरजेचे ठरते. ब आणि ड या दोन्हींसाठी त्या वेळी मागच्या काही महिन्यांतील अद्यतन उपलब्ध होते. या मुद्द्यावर बरोबरी झाली.

मग वापराच्या वर्षांचा हिशेब केला. ब तीन वर्षे आणि ड पाच वर्षे वापरला तर दर वर्षाचा खर्च ड चा कमी येतो. हा हिशेब मांडायला सोपा आहे आणि मी तो मांडलाही. अनुवादिकांनी त्यातील कच्चा दुवा दाखवला: पाच वर्षे टिकण्याचा अंदाज प्रोसेसरपुरता खरा धरला तरी चार वर्षे वापरलेल्या बिजागऱ्या, चार्जिंगचे पोर्ट आणि पडद्याची केबल तितके टिकतील याचा आधार काय? त्याला माझ्याकडे ठोस उत्तर नव्हते. त्यांच्या मोजमापानुसार चार कोअर पुरेसे होते, रॅमला वाढीची जागा होती आणि विंडोज ११ च्या यादीत प्रोसेसर बसत होता. त्यांनी ब घेण्याचे ठरवले आणि मी सहमती दिली.

प्रत्यक्ष कृती

विक्रेत्याने दहा दिवसांत परत करण्याची मुभा आणि सहा महिन्यांची वॉरंटी दिली होती. त्या दहा दिवसांचा उपयोग करून आम्ही यंत्र कसोशीने तपासले.

पहिली तपासणी क्रमांकाची. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक ८३६५-यू असाच दिसला. बायोसला जुन्या मालकाचा पासवर्ड नव्हता, टीपीएम २.० चालू होते आणि विंडोज नव्याने बसवल्यावर कुठल्याही कंपनीच्या खात्याने प्रवेश करण्याची मागणी आली नाही. ही शेवटची गोष्ट अनेक जण तपासत नाहीत. कंपनीने यंत्र आपल्या व्यवस्थापन-प्रणालीतून मुक्त केलेले नसेल तर विंडोज पुन्हा बसवल्यानंतर इंटरनेट जोडताच ती मागणी उभी राहते, आणि मग विक्रेत्याकडे परत जाण्यावाचून मार्ग उरत नाही.

बॅटरीने निराशा केली. विंडोजच्या बॅटरी-अहवालात मूळ क्षमता ५० वॉट-तास आणि सध्याची पूर्ण क्षमता ३१ वॉट-तास दिसली, म्हणजे ६२ टक्के. विक्रेत्याने ‘बॅटरी उत्तम’ एवढेच सांगितले होते. बॅटरी बदलण्याची तरतूद आमच्या हिशेबात असल्याने निर्णय बदलला नाही.

खरी कसोटी तापमानाची ठरली. स्कॅन केलेली दोनशे पाने मजकूर ओळखण्यासाठी एकदम दिली आणि प्रोसेसरचा वेग व तापमान पाहत राहिलो. सुरुवातीला वेग ३ गिगाहर्ट्‌झच्या आसपास होता. काही मिनिटांत तापमान ९७ अंशांवर पोहोचले आणि वेग १.२ ते १.३ पर्यंत घसरून तिथेच राहिला. दीर्घ कामात वेग कमाल पातळीवरून खाली येणे स्वाभाविक आहे, पण तो १.६ या मूळ वेगाच्याही खाली जाणे हे प्रोसेसरच्या वयाचे लक्षण नाही. उष्णता बाहेर पडत नसल्याचे लक्षण आहे. विक्रेत्याने वॉरंटीत यंत्र उघडले. पंख्यात धूळ साचली होती आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळून तडकली होती. साफसफाई करून नवी पेस्ट लावल्यानंतर तीच दोनशे पाने दिली, तेव्हा वेग २.२ ते २.४ दरम्यान स्थिर राहिला.

ही चाचणी केली नसती तर अनुवादिकांनी आणि कदाचित मीही ‘८वी पिढी जुनीच, संथच असणार’ असा समज करून घेतला असता.

रॅमची एकच पट्टी असल्याने मेमरीचा मार्ग एकेरी चालत होता. ८ जीबीच्या दोन पट्ट्या घातल्या असत्या तर तो दुहेरी झाला असता आणि मुख्यतः ग्राफिक्सला त्याचा लाभ मिळाला असता. तो लाभ या कामात फारसा नव्हता, म्हणून दुसरा खाचा पुढील गरजेसाठी मोकळाच ठेवला.

परिणाम

हे लिहीत असताना खरेदीला सुमारे दीड वर्ष होत आले आहे. जुन्या लॅपटॉपवर पाऊण तास घेणारे मजकूर ओळखण्याचे काम आता पंधरा मिनिटांच्या आत होते. अनुवादाचे सॉफ्टवेअर मोठ्या अनुवाद-स्मृतीसह अडखळत नाही. बॅटरी चौथ्या महिन्यात बदलली. १४ ऑक्टोबर २०२५ हा दिवस त्यांच्यासाठी इतर दिवसांसारखाच गेला. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी त्या दिवसानंतरही विंडोज १० ला एक वर्षाची वाढीव सुरक्षा-अद्यतने देण्याची योजना मायक्रोसॉफ्टने जाहीर केली होती, म्हणजे अ घेतला असता तर तो ऑक्टोबर २०२६ पर्यंत कसाबसा ओढता आला असता. पण त्यानंतर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला असता.

पण त्यांचे काम बदलले. २०२५ च्या सुरुवातीला त्यांना मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांचे लिप्यंतर (ऐकलेले बोलणे लिहून काढणे) आणि उपशीर्षके करण्याचे काम मिळू लागले. ध्वनिमुद्रणे गोपनीय असल्याने ती इंटरनेटवरच्या सेवांना देता येत नाहीत. म्हणून त्यांनी व्हिस्पर हे बोललेला मजकूर ओळखणारे मॉडेल स्वतःच्या लॅपटॉपवर चालवायला सुरुवात केली. हे काम सर्व कोअर सलगपणे व्यापते. त्यातील ‘स्मॉल’ हे २४.४ कोटी पॅरामीटरचे (मॉडेलच्या आकाराचे माप) मॉडेल एका तासाच्या मुद्रणाला तासाहून जास्त वेळ घेते, आणि त्या वेळात लॅपटॉपवर दुसरे काम करणे कष्टाचे होते. ७६.९ कोटींचे ‘मीडियम’ मॉडेल नावे आणि आकडे अधिक अचूक ओळखते, पण दिवसा ते वापरणे अशक्य आहे. मोकळ्या खाच्यात रॅमची आणखी एक पट्टी घालून ती ३२ जीबी केली. त्यामुळे मॉडेल आणि अनुवादाचे सॉफ्टवेअर एकत्र उघडे राहू शकतात, पण लिप्यंतराच्या वेगात लक्षणीय फरक पडलेला नाही, कारण इथे अडथळा कोअरचाच आहे. ड मधील सहा कोअर इथे नक्कीच उपयोगी पडले असते.

काय वेगळे करता आले असते

आमचे मोजमाप काळजीपूर्वक होते, पण ते तेव्हाच्या कामाचे होते. तीन दिवसांच्या नोंदींनी रॅमचा निर्णय अचूक दिला आणि त्याच नोंदींनी प्रोसेसरबाबत आम्हाला जरा जास्त निश्चिंत केले. पुढील दोन वर्षांत कोणत्या प्रकारचे काम येऊ शकते, एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर उपशीर्षकांचा विषय निघाला असता. अनुवादिकांनी नंतर सांगितले की त्या कामाबद्दल एका ग्राहकाशी त्यांचे प्राथमिक बोलणे खरेदीच्या आधीच झाले होते. ते समजले असते तर माझे मत ड कडे झुकले असते. त्यांचे मात्र आजही तसे म्हणणे नाही. उरलेल्या रकमेतून घेतलेली बॅटरी आणि रॅम त्यांना रोज उपयोगी पडते, आणि लिप्यंतर रात्री लावून सकाळी तपासता येते, असे त्या म्हणतात. या मुद्द्यावर आमचे एकमत झालेले नाही.

८३६५-यू विंडोज ११ च्या यादीत आहे खरा, पण ज्या पिढीपासून ती यादी सुरू होते त्याच पिढीचा आहे. पुढे कधी पात्रतेची रेषा वर सरकली तर सर्वांत आधी बाहेर पडणाऱ्यांत तो असेल. ज्याला एकच यंत्र पाच-सहा वर्षे वापरायचे आहे त्याने सीमेवरची पिढी न घेता तिच्या पुढच्या दोन-तीन पिढ्यांत शोध घ्यावा, आणि रॅम १६ जीबीपेक्षा कमी व सोल्डर केलेली असेल तर तो मोह सोडावा, असे मी आता सांगतो. तीन वर्षांची दृष्टी असलेल्याला ८वी पिढी अजूनही पुरते.

बॅटरी-अहवाल आणि प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक दिसणारे छायाचित्र या दोन गोष्टी पैसे देण्यापूर्वीच मागवायला हव्या होत्या. क्रमांक आम्ही मागवला होता, अहवाल मागवला नाही. ६२ टक्क्यांचा आकडा आधी हाती असता तर किंमत कमी करून घेता आली असती किंवा बॅटरी विक्रेत्याकडूनच बदलून मागता आली असती. तापमानाची चाचणी मात्र छायाचित्रावर होत नाही. तिच्यासाठी यंत्र हातात आणि परत करण्याची मुदत शिल्लक असावी लागते.

अनुवादिकांनी आता पुढच्या खरेदीसाठी वहीचे एक पान राखून ठेवले आहे. त्यावर दर महिन्याला त्या दोन आकडे लिहितात: मेमरीचा त्या महिन्यातील सर्वोच्च ‘कमिटेड’ आकडा, आणि लिप्यंतरासाठी लॅपटॉप किती तास अडकून राहिला तो. पहिला आकडा गेले सात महिने १८ जीबीच्या आसपास थांबला आहे. दुसरा वाढतो आहे.